जवसाची पिशवी

माझ्या चोळीत डाव्या बाजूला जवस आहे. धुऊन मऊ झालेल्या धोतराच्या फडक्याची ओंजळीएवढी पिशवी, तिच्यात जवस भरलेला आणि तोंड शिवून टाकलेलं. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. कळू नये म्हणूनच ती आहे. पण आता मीच लिहायला बसले, तेव्हा लपवाछपवी संपली असं समजा.

मला वैद्यक येत नाही. शहाणपण शिकवायची हौस पुष्कळ आहे, पण ते ऐकून घेणारं घरात कोणी नाही. हे लिहिते आहे ते एकाच बाईसाठी. अंघोळ करताना जिच्या हाताला काहीतरी लागलं आहे आणि जिनं ते अजून कोणाला सांगितलेलं नाही, तिच्यासाठी. बाई गं, मी जिवंत आहे. चुलीपुढे बसते, भाकरी थापते, नवऱ्याशी भांडते. भीती गेली का म्हणशील, तर नाही गेली. घरातल्या माणसासारखी तीही आमच्यातच राहते.

तेल

आम्ही घरात चौघं. हे सेक्रेटरिएटात कारकून, मी, आमची एकुलती एक कमळ आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. माझे थोरले दीर प्लेगात गेले तेव्हा जाऊबाई सोळा वर्षांच्या होत्या. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना पाहिलं ते असंच: डोक्यावरून लाल आलवण, अंगात चोळी नाही, दिवसातून एक वेळ जेवण. माहेर भिवापूरकडचं. बोलणं तिकडचं, आणि जिभेवर मिरचीही तिकडचीच. पण मला बाळंतपणात त्यांनीच वाचवलं, आणि कमळला माझ्यापेक्षा त्यांचाच लळा जास्त.

नरकचतुर्दशीला पहाटे त्या सगळ्यांच्या आधी उठत. बंब पेटवत, तिळाचं तेल कोमट करत, आणि मग मला आणि कमळला पाटावर बसवून अंगभर तेल चोळत. ओवाळायला त्यांना पुढे येता येत नसे, तेल चोळायला मात्र त्यांचेच हात लागत. त्यांना स्वतःला कोणी तेल लावत नसे. विधवेला कसलं अभ्यंग? सगळ्यांचं आटोपलं की बंबात उरलेलं पाणी दोन तांबे अंगावर घेऊन त्या पुन्हा चुलीकडे वळत. मला त्यात कधी काही वेगळं वाटलं नाही. कोणालाच वाटत नसे.

त्या वर्षी पाठ झाली, हात झाले, आणि डाव्या कुशीपासून पुढे येताना त्यांचा तळवा थांबला.

"हे काय वं, सुशीले?"

"काय?"

"इथं. बोरावानी लागून राहिलं हाताले. दुखते का?"

"नाही."

"अजिबात नाही?"

"नाही म्हटलं ना!" मला गार वाजत होतं.

जाऊबाईंचा हात पुन्हा चालू लागला. "मंग काहीच नाही. दुखत नाही त्याचं काय भेव! कमळीच्या वेळची दुधाची गाठ असन राहिलेली. जवसाचं पोटीस बांधू, पिकन, फुटन, जाईन."

कमळ तेव्हा तेरा वर्षांची होती. तेरा वर्षांपूर्वीचं दूध अजून कसं राहील, हा प्रश्न आम्हा दोघींपैकी एकीलाही पडला नाही. दुखत नाही म्हणजे काही नाही, ही आमच्याकडची समजूत. दुखलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला असता.

पोटीस

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जवस दळायचा, पाण्यात हळद घालून खळीसारखा शिजवायचा, एरंडाच्या पानावर पसरायचा आणि सोसवेल तितका गरम बांधायचा. आमच्या घरात जवसाचा वास नवा नव्हता. चटणीसाठी तो आठवड्याला भाजला जाई. पण भाजल्या जवसाचा वास खमंग आणि शिजवल्या जवसाचा तेलकट, ओशट. त्या हिवाळ्यात माझ्या अंगाला, अंथरुणाला, पदराला तोच वास येत होता.

गाठ पिकली नाही. फुटली नाही. बोराची सुपारी झाली. वरची कातडी एका जागी आत गेली, आतून कोणी दोरा ओढून धरावा तशी. मी जाऊबाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "मुळातून सुटून राहिली." त्यांनी पोटीस आणखी गरम केलं. यांना मी काही बोलले नाही. असल्या गोष्टी पुरुषांना कोण सांगतं?

संक्रांतीच्या सुमाराला एक दिवस पोटीस फारच गरम पडलं. मी ओरडले, जाऊबाईंनी पान ओढून काढलं, पण तोवर कातडी सोलली होती. जखम चिघळली, ताप आला, आणि तेव्हा कुठे घरात बोलावं लागलं. यांनी टांगा आणला. आम्ही बायकांच्या मिशन हॉस्पिटलात गेलो, भाजल्याचं मलम आणायला.

तिथली डॉक्टरीण गोरी मडम होती. मराठी ती तिथल्या आयांकडून शिकली होती. तिनं माझी जखम पाहिली, मग जखमेच्या बाजूला बोटं टेकवली, मग काखेत. तिचा चेहरा काही बदलला नाही, पण बोटं सावकाश झाली.

"हे कवापासून आहे वं?"

गोऱ्या तोंडातून आमचं 'वं' ऐकून मला त्या घाबरलेल्या अवस्थेतही हसू आलं. तिलाही आलं. मग ती माझ्याजवळ स्टुलावर बसली.

"भाजलेलं बरं होईन. त्याच्या खाली जे आहे ते आपोआप बरं नाही होत. ते काढा लागते. पुरी बाजू. त्याले कॅन्सर म्हणतात."

मला तो शब्द एखाद्या साहेबाच्या आडनावासारखा वाटला. मी विचारलं, "आणि नाही काढलं तर?"

दाराबाहेर बाकावर कमळ बसली होती, वेणीचं टोक दातांत धरून. मडमेनं तिच्याकडे पाहिलं. "पोरीचं लगन पाहाचं आहे ना तुले?"

बस, एवढंच बोलली. दुसऱ्या कोणी एवढं नीट सांगितलं नसतं.

टांग्याला सीताबर्डीची चढण लागली तेव्हा हे म्हणाले, "हे कोणाला सांगू नको. कमळीचं लग्न व्हायचं आहे. आईला असं झालं म्हटलं तर कोण दारात उभं करेल?"

"मी मरणार आहे का, ते तर आधी विचारा!" मी टांगेवाल्यासमोरच ओरडले. यांनी टांगेवाल्यालाच सांगितलं, सावकाश हाक, खड्डे चुकव. तेव्हा मला कळलं की हे विचारायला भीत आहेत. लग्नाचं बोलणं सोपं होतं, म्हणून ते लग्नाचं बोलले.

मिशनमधले दिवस

शेजारपाजारी पोटाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. मला क्लोरोफॉर्म दिला. त्याचा गोडसर वास नाकात शिरताना मी रामाचं नाव घ्यायचं ठरवलं होतं, आणि प्रत्यक्षात आठवलं ते हे की तुरीची डाळ उन्हात टाकून आले आहे.

जागी झाले तेव्हा छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं वजन होतं. हात जागचा हलत नव्हता. भागाबाई नावाची आया ओठांवर ओला बोळा फिरवत होती.

"झालं वं बाई. सुटली तू."

"किती काढलं?"

"जे खराब होतं ते काढलं. पाहाची घाई करू नको. मी सांगन तवा पाय."

तिनं मला पुष्कळ दिवस पाहू दिलं नाही. पट्टी बदलताना ती आपल्या पदराचा आडोसा करी आणि मुद्दाम काहीतरी अचाट बोले: तिचा नवरा, तिची बकरी, तिच्या नवऱ्याहून शहाणी असलेली बकरी. शेवटी मी पाहिलं तेव्हा रडले नाही. एक लांब लाल रेघ होती आणि खाली बरगड्या. लहानपणी माझी छाती अशीच होती, असं मनात आलं. रडले ते नंतर, कपडे वाळत घातलेले पाहून, कारण सगळ्या चोळ्याच होत्या.

सकाळी थर्मामीटर, मग पेज, मग पट्टी, मग मडमेची फेरी, मग दुपारभर छताकडे पाहणं. माझ्या शेजारच्या खाटेवर रामटेककडची एक बाई होती. घरची धानाची शेती होती. तिचंही हेच, पण ती फार उशिरा आली होती. तिच्या खाटेभोवती आया उदबत्त्या लावत, तरी वास लपत नसे. ती मला म्हणायची, "तू लवकर आली वं. नशिबाची आहे." मी भाजले होते म्हणून आले, हे तिला सांगायला मला लाज वाटे. एका सकाळी डोळे उघडले तर तिची खाट रिकामी होती आणि गादी व्हरांड्यात उन्हात टाकलेली होती. त्या दिवशीची पेज मी तशीच परत पाठवली.

जाऊबाई रोज वरण-भाताचा डबा घेऊन फाटकापर्यंत येत. मिशनच्या आवारात पाय ठेवायचा नाही, हा त्यांचा नेम. सोवळं मोडतं. डबा भागाबाई आत आणी. एक दिवस डब्याबरोबर जाऊबाईच आत आल्या. आलवण घट्ट ओढून, भिंतीला अंग लागू न देता, खाटेशी येऊन उभ्या राहिल्या.

"माह्या हातानं झालं वं हे," त्या म्हणाल्या. "मी भाजली तुले. मी वाढवली ती गाठ."

"तुमच्या हातानं भाजलं म्हणून मी इथं आले, जाऊबाई. नाहीतर अजून तुम्ही आणि मी पोटीसच बांधत बसलो असतो."

हे मी त्यांच्या समाधानासाठी बोलले नव्हते. खरंच तसं होतं. पण त्यांनी मान हलवली आणि पदरानं तोंड झाकलं. जाताना भागाबाईच्या हाताला हात लागला तरी त्यांनी ओढून घेतला नाही. घरी जाऊन अंघोळ मात्र केली असणार.

घरी पाठवताना मडमेनं मला बजावलं. "हे दुसऱ्या बाजूले येऊ शकते. काखेत येऊ शकते. दर महिन्याले हात लावून पाहत जा. अन् पोरीलेही शिकव. मुकाट्यानं येते हे, चोरावानी. दुखत नाही, म्हनून समजत नाही."

वजन

हात वर जाईना. भिंतीवर बोटं चढवायची, रोज थोडी जास्त. कमळ कोळशानं खूण करी आणि म्हणे, "आज खुंटीपर्यंत!" ज्या दिवशी मला तिची वेणी घालता आली त्या दिवशी आम्ही दोघींनी शिरा करून खाल्ला.

चोळीचं मात्र काही जमेना. पुढे गाठ मारली की डावीकडे झोळ पडे. चैत्रातल्या हळदीकुंकवाला शेजारी जायचं होतं, म्हणून मी कापसाचा गोळा करून आत कोंबला. कापसाला आमच्या प्रांतात काय तोटा! पण तो गोळा चालता चालता वर सरकू लागला. पन्हं हातात येईपर्यंत तो माझ्या खांद्याशी जाऊन बसला होता. शेजारीण माझ्याकडे पाहत होती. मी पदर लपेटून, पोटात कळ आली म्हणून उठले. घरी येऊन जाऊबाईंपुढे तो गोळा भिरकावला आणि भोकाड पसरलं.

जाऊबाईंनी तो उचलला, हातावर तोलला.

"याले वजनच नाही वं. अंगाचं जे असते त्याले वजन असते. हे थांबन कसं जाग्यावर?"

त्यांनी फडकं आणलं. आधी तांदूळ भरून पाहिले, ते टोचले. सरकी खरखरीत लागली. मग फळीवरचा जवसाचा डबा काढला, क्षणभर तसाच हातात धरून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"भरा," मी म्हटलं.

जवस गुळगुळीत. हाताबरोबर वळतो, अंगाच्या आकाराचा होतो. उन्हाळ्यात गार लागतो आणि थंडीत अंगाची ऊब धरून ठेवतो. वाकलं की किंचित सळसळतो, ते मला एकटीलाच ऐकू येतं. ज्यानं भाजलं तोच छातीशी धरायचा, हे मला पहिल्या दिवशी विचित्र वाटलं, दुसऱ्या दिवशी नाही. ओटीत आलेले खण मात्र मी शिवले नाहीत. ते पेटीत पडून राहिले.

राखण

त्यानंतरची वर्षं राखणीची. दर महिन्याला न्हाताना मी उजवी बाजू तपासायची, काख तपासायची. जरा कुठे हाताला काही लागलं की तोंडचं पाणी पळायचं. दहादा ती बरगडी असायची. कमळलाही शिकवलं. ती आधी लाजली, मग चिडली, मग करू लागली. यांना मी काही सांगत नसे, पण न्हाऊन आले की हे वर्तमानपत्रावरून माझ्या चेहऱ्याकडे पाहत. चेहरा बरा दिसला की पान उलटत. आमच्यात ह्याविषयी एवढंच बोलणं होई, आणि मला ते पुरे.

विलायतेत पुन्हा लढाई सुरू झाली. घासलेट महागलं. कमळला पाहायला मंडळी येऊ लागली. आणि त्या पावसाळ्याच्या शेवटी मला घरात तो वास आला.

भाजल्या जवसाचा नव्हे. शिजवल्याचा.

मी चुलीपाशी गेले. "जाऊबाई, काय शिजवून राहिल्या?"

"चटनीचा जवस. भाजून राहिली."

कढई रिकामी होती, आणि गार. कमळला मी खोलीत नेऊन दार लावलं. "खरं सांग. तुला काही आहे? आत्याबाईनं तुला काही बांधलं?" जाऊबाईंना ती आत्याबाई म्हणे. तिनं शपथ घेतली. माझा विश्वास बसेना. मी स्वतः तपासलं. काही नव्हतं. मग मी माझं तपासलं. काही नव्हतं. तरी वास येत राहिला, कधी दोन दिवसांनी, कधी चार. परसात एरंडाच्या झाडाची पानं कमी होत होती.

एवढं सगळं डोळ्यांपुढे असून मी घरात दोघीच बायका धरत होते. तिसरीच्या अंगावर चोळी नव्हती, म्हणून तिला छातीही नव्हती, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

पाट

दिवाळी आली. जाऊबाईंनी बंब पेटवला, आम्हाला तेल लावलं. त्या वर्षी त्यांचा उजवा हात नीट वर होत नव्हता. म्हणाल्या, थंडीनं धरला. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. थंडीनं धरलेला हात मला ठाऊक होता, आणि हा दुसराही ठाऊक होता. भिंतीवर बोटं चढवणारा.

मी पाटावरून उठले. "आता तुम्ही बसा."

"कुठं?"

"पाटावर. मी तेल लावते."

"येडी झाली का वं? मले कायचं तेल? मी काय सवाशीन आहे?"

"देवाला काय सांगायचं ते मी सांगते. बसा."

"सुशीले, हात लावू नको मले!" त्या ओरडल्या. इतक्या वर्षांत माझ्यावर अशा कधी ओरडल्या नव्हत्या. कमळ दारात उभी राहिली. मी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. त्यांच्यात ताकदच नव्हती. पाठीला तेल लावलं. पाठ कोरडी, वाळल्या मातीसारखी होती. त्या एकदम निवल्या. डोळे मिटले.

"बापा," त्या हळूच म्हणाल्या. "कसं वाटते वं हे."

उजव्या कुशीपासून पुढे येताना माझा तळवा थांबला.

कमळनं दिवा जवळ आणला. आलवणाखाली एरंडाचं पान होतं. ते काढलं. खालची कातडी काटोलच्या संत्र्याच्या सालीसारखी झाली होती, तशीच जाड, तशीच बारीक खड्ड्यांची, आणि एका जागी फुटायला आली होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुही पिशवी शिवली, त्याच्या पुढच्या साली."

"आणि बोलल्या नाही? माझं सगळं पाहून, काहून नाही बोलल्या?"

"काय बोलू? तुले नवरा आहे, पोर आहे. तुले वाचाचं होतं. मले कोनासाठी कापाचं?" मग माझी समजूत घालायला म्हणाल्या, "भाजून नाही घेतलं वं. तुह्यापासून शिकली. कोमटच बांधते."

कोमट बांधत होत्या, म्हणून भाजलं नाही. भाजलं नाही, म्हणून कोणाला कळलं नाही. मी त्या पाटाशी बसून त्यांना धरून मोठ्यानं रडले. हे धावत आले आणि दारातच थांबले. बाहेर गल्लीत फटाके वाजत होते.

हिरवी चोळी

मडमेनं तपासलं आणि मला बाजूला घेतलं. "आता कापून उपेग नाही. रोज जखम धुवा, दुखनं कमी करा. दुसरं आपल्या हातात नाही."

जाऊबाईंनी तोंडावरून ओळखलं. "नाही म्हनते ना? बरं झालं. क्लोरोफारमचं मले भेव होतं."

पट्टी जागेवर राहीना, म्हणून भागाबाईनं मांजरपाटाची बाह्या असलेली, पुढे बंद बांधायची एक बंडी शिवली. ती चढवली तेव्हा जाऊबाई खाली मान घालून पाहत राहिल्या. हातानं बाही चाचपली.

"पाय वं सुशीले. माह्या अंगात चोळी." हसल्या. "पन पांढरी काहून? आता देतच होते तर हिरवी द्याची!"

आम्ही तिघी हसलो. घरी येऊन मी पेटी उघडली. ओटीतले खण होते तिथेच होते. त्यातला हिरवा काढला आणि बंडीच्या मापानं शिवला. हे म्हणाले, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांना आलवणाखाली काय दिसतं? इतकी वर्षं कोणाला दिसलं?" दुसऱ्या दिवशी हे बाजारातून हिरव्या रंगाचं रीळ घेऊन आले. माझं पांढऱ्या दोऱ्यानं चाललं होतं.

कमळला पाहायला काटोलची मंडळी आली. यांनी मला स्वयंपाकघरात येऊन हात जोडले, बोलू नको म्हणून. आधीच्या मंडळींना मी सांगितलं होतं आणि ती पोहे टाकून उठून गेली होती. मला गप्प राहवेना. मुलाच्या आईला मी आत नेऊन सांगून टाकलं: मला झालं होतं, जाऊबाईंना झालं आहे.

ती बाई खाली टेकली. मग म्हणाली, "माही सासू याच्यानंच गेली असन. आम्हीबी जवसच बांधत होतो वं बाई." आणि तिनं उठून आतल्या खोलीत जाऊबाईंना वाकून नमस्कार केला.

माघात लग्न झालं. विधवेनं मांडवात यायचं नाही, म्हणून जाऊबाई आतच होत्या. पण आलवणाखाली हिरवी चोळी होती, आणि ते आम्हा घरातल्यांनाच ठाऊक होतं. कमळ पाया पडायला आत गेली तेव्हा त्यांनी आलवणाचा काठ जरासा बाजूला करून तिला हिरवं दाखवलं.

मृगाच्या आधी त्या गेल्या. शेवटचे दिवस वाईट होते. त्यांचं वर्णन मी करणार नाही. रामटेकच्या बाईच्या खाटेला येत असे तोच वास आमच्या घरात होता, आणि उदबत्त्या मी लावत होते. देहाला अंघोळ मी घातली, दुसऱ्या कोणाला येऊ दिलं नाही. चोळी मी काढली नाही. वरून आलवण गुंडाळलं.

ह्या दिवाळीला

ह्या वर्षी आमच्याकडे सण नाही. कंदील नाही, फराळ नाही. तरी कमळ काटोलहून आली. पहाटे तिनंच बंब पेटवला. म्हणाली, "आई, तेल तरी लावू. आत्याबाईला आवडलं असतं."

पिशवी काढून मी खिडकीत ठेवली आणि पाटावर बसले. कमळची बोटं जाऊबाईंसारखी जाड नाहीत, पण चोळायची पद्धत तीच: पाठ, हात, मग कुशीवरून पुढे. डावीकडच्या रेघेवरून तिनं न कचरता तेल फिरवलं. मग उजवीकडे वळली.

तिचा हात थांबला.

बंबातला निखारा तडकल्याचं मला ऐकू आलं. बाकी काही ऐकू आलं नाही.

"काय गं?"

"काही नाही, आई. तेल संपलं."

ती उठली, वाटीत तेल ओतून आणलं. मी तिचं मनगट धरलं आणि तिचा तळवा पुन्हा त्याच जागी टेकवला. "इथून परत लाव. नीट." तिनं लावलं, सावकाश, काखेपर्यंत, एकदा आणि आणखी एकदा. काही नव्हतं. ह्या दिवाळीला काही नव्हतं.

मग मी उठले, पदर खोचला आणि वाटी तिच्या हातातून घेतली.

"आता तू बस," मी म्हटलं.